प्रतीक्षाचा तांब्या

मी पितळेचा तांब्या. खटकचिंचोळीत सुभद्राबाईंच्या घरी राहतो. त्या गुरुवारी सकाळी त्या नळावर भांडी घासत होत्या. मला चिंच लावून झाली होती, धुवायचं राहिलं होतं. कट्ट्यावरचा फोन वाजला. ओल्या हातानेच त्यांनी तो कानाला लावला. हैदराबादच्या दवाखान्यातून त्यांचा मुलगा सिद्धराम बोलत होता.

"कवा?" एवढंच सुभद्राबाईंनी विचारलं. मग म्हणाल्या, "तिच्या आईला सांभाळ."

फोन ठेवून त्यांनी नळ बंद केला. त्यांची नात प्रतीक्षा गेली होती. आठ वर्षांची होती. माझ्या अंगावरची चिंच तशीच वाळली.

मी या घरात आलो तो सुभद्राबाईंच्या लग्नातला आहेर म्हणून. दुकानदाराने माझ्या पोटावर टिंबाटिंबांनी नवऱ्या मुलाचं नाव कोरलं होतं, गुंडाप्पा. सुभद्राबाईंनी ते नाव कधी तोंडाने घेतलं नाही. कुणी मालकांचं नाव विचारलं की त्या मला पुढे करत. पुढे गुंडाप्पा वारले, घरात स्टील आलं, आणि मी मांडणीच्या खालच्या फळीवर गेलो. तुळशीला पाणी घालायचं, बाहेरून आलेल्यांच्या पायांवर पाणी घालायचं, एवढीच कामं उरली.

खालची फळी प्रतीक्षाच्या हाताला येत असे. म्हणून आमची ओळख झाली.

तिच्या स्नायूंत जन्मापासून बळ कमी होतं. लाखात एखाद्या मुलाला होणारा तो आजार. त्याचं नाव हैदराबादच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, पण घरात कुणाला ते नीट म्हणता आलं नाही. प्रतीक्षाला शाळेत जायचं होतं. शाळेतल्या बाई वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "माज्याकडं पन्नास लेकरं हायत. हिचं पाणी हिला घेता आलं की पाठवा."

अशा मुलांना रोजची कामं कितपत जमतात हे तपासणाऱ्या मंजुश्रीताई बीदरला होत्या. त्यांनी प्रतीक्षाला पाण्याचा जग आणि प्लॅस्टिकचा मग देऊन पाहिलं. तिला ते उचललेच नाहीत. कागदावर लिहिलं गेलं, 'पूर्ण मदत लागते.' पण मंजुश्रीताईंना चैन पडेना. घरातलं काम घरातच बघावं म्हणून एका उन्हाळी दुपारी त्या बसने आमच्या गावी आल्या.

सुभद्राबाईंना वाटलं, परीक्षा आहे. त्यांनी नातीला नवा फ्रॉक घातला, डोक्याला तेल चोपडलं आणि वरच्या फळीवरचा कोरा स्टीलचा तांब्या काढला. मला पिठाच्या डब्यामागे सारलं. "पावण्यापुढं हे काळं कशाला?"

मंजुश्रीताईंनी कागद काढला. प्रतीक्षाने स्टीलचा तांब्या धरला आणि तो धाडकन खाली पडला. पुन्हा धरला, पुन्हा पडला.

"अगं माय, धर की नीट!" सुभद्राबाई अर्ध्या उठल्या.

"आज्जी, तुमी बसा बरं. परीक्षा तिची हाय का तुमची?"

"माजीच म्हणा!"

मंजुश्रीताई हसल्या, पण कागदावर त्यांना पुन्हा तेच लिहावं लागलं. त्यांनी फाइल मिटली आणि पदराने घाम पुसला.

तेवढ्यात भिंतीला धरून प्रतीक्षा माझ्याकडे आली. पिठाचा डबा तिने ढोपराने बाजूला ढकलला. एक हात माझ्या तळाशी, दुसऱ्या हाताचा अंगठा माझ्या पोटावरच्या नावावर. रोज असाच धरायची ती मला. रांजणात बुडवून तिने मला अर्धं भरलं, छातीशी कवटाळलं आणि भिंतीला खांदा लावत अकरा पावलं चालत नेलं. नवा फ्रॉक पार भिजला.

"अक्का, पाणी."

मंजुश्रीताई बघतच राहिल्या. "तुला कुणी सांगितलं गं?"

"कुणी न्हाई. पावणं आल्यावर पाणी द्यायचं असतंय."

"मग मघाशी कामून पाडलास?"

"त्यो नवा घसरायलाय. ह्याला आजाचं नाव हाय. बोट बसतंय."

मंजुश्रीताईंनी मला वर धरून घशात पाणी ओतायला सुरुवात केली. सवय नसावी. निम्मं पाणी साडीवर गेलं.

प्रतीक्षा खुदकन हसली. "अक्का, तुमच्यानं बी सांडायलंय. लिवा, थोडी मदत लागते!"

फाइल पुन्हा उघडली गेली. आधीचं खोडून त्यांनी नवं लिहिलं, आणि खाली शाळेला चिठ्ठी. तुम्हीही कधी एखाद्या मुलाला काय जमतं हे बघायला जाल, तर त्या घरची खालची फळी जरूर बघा.

जूनमध्ये प्रतीक्षा शाळेत बसली. तिच्याबरोबर मीही, दप्तरात, टॉवेलात गुंडाळून. पहिल्याच दिवशी एकजण ओरडला, "तांब्या घिऊन रानात चाललीस व्हय गं?"

"तुज्यासाठी आणलाय. जाऊन ये," प्रतीक्षा म्हणाली. सगळा वर्ग हसला. त्यानंतर मला कुणी चिडवलं नाही. पाच महिने मी रोज शाळेत गेलो.

कागदावर एक ओळ शिल्लक होती, तांब्यातून पेल्यात पाणी ओतणे. ओतताना तिचं मनगट कापायचं. मग तिने माझी कड पेल्याच्या काठावर टेकवायची युक्ती काढली. दोनदा एक थेंबही सांडला नाही. ते फक्त आज्जीने आणि मी पाहिलं. "गुरुवारी येते, मला दाखव," मंजुश्रीताई फोनवर म्हणाल्या. त्याआधीच सोमवारी तिच्या छातीत कफ भरला आणि तिला हैदराबादला नेलं.

त्या गुरुवारी मंजुश्रीताई आल्या. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. अंगणात बसलेली माणसं बघून त्या दारातच थांबल्या. सुभद्राबाई उठल्या. त्यांनी मला धुतलं, भरलं आणि मंजुश्रीताईंसमोर धरलं. सुभद्राबाईंचा अंगठा नावावर होता.

"घ्या. ती असती तर तिनंच दिलं असतं."

मंजुश्रीताई पाणी प्यायल्या. फाइल त्यांनी उघडली नाही.

आता मी पुन्हा खालच्या फळीवर असतो. सुभद्राबाई मला रोज घासतात, पाहुण्यांना माझ्यातूनच पाणी देतात. कागदावरची ती शेवटची ओळ भरायची राहिली.