सरांची एकुलती विद्यार्थिनी

“आज तरी आनंदला फोन लावताव का न्हाई?” पोळी तव्यावर आपटत मी विचारलं.

“लावतो ना, वेळ आली की,” हे म्हणाले.

वेळ! हा माणूस लातूरच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर तत्त्वज्ञान शिकवतो. म्हणजे तास झाला तर नोकरी, नाहीतर घरी. ॲरिस्टॉटल काळाबद्दल काय म्हणाला ते झोपेतही सांगेल. स्वतःची वेळ मात्र याला कधी कळली नाही. जूनपासून विषयच बंद होणार, असं प्राचार्यांनी तोंडावर सांगितलंय. माझा भाऊ आनंदराज नांदेडला, त्याच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात बोलावतोय. आज संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर दुसरा माणूस ठेवतो म्हणालाय.

या वेडेपणात मीही सामील आहे. तीन वर्षांपूर्वी विषयाला पोरं मिळेनात. बाकीचे सर उन्हातान्हात खेडोपाडी ॲडमिशन गोळा करत फिरले. यांनी घरातच हात घातला आणि माझं नाव बी.ए.ला टाकलं. बरोबरच्या दोघांतला शिवकुमार पोलीस भरतीच्या मागे गेला, शिल्पाचं लग्न झालं. उरले मी. सकाळी किल्लारीच्या अंगणवाडीत पोरांची नाकं पुसायची, दुपारी जीपमध्ये कोंबून घेऊन लातूर गाठायचं आणि नवऱ्यासमोर बाकावर बसायचं. वर्गात ते मला ‘तुम्ही’ म्हणतात, मी त्यांना ‘सर’. घरी भाजी कोण चिरणार, यावर मात्र ॲरिस्टॉटल गप्प!

आज तर शेवटचा तास, आणि जीप हलेना.

“दोन शिटा झाल्या की निघू, ताई.”

“माझा तास हाय वो!”

“शिटा भरल्याबिगर कशाची वेळ व्हती?” ड्रायव्हर निवांत तंबाखू मळत म्हणाला. त्याचंही काळाबद्दल मत होतंच.

पोचले तेव्हा अर्धा तास सरला होता. काय काय बोलायचं ते मनात घोळवत मी जिना चढले. व्हरांड्यातच यांचा आवाज ऐकू आला. वर्गात चिटपाखरू नव्हतं. फळा भरलेला, आणि हे रिकाम्या बाकांना शिकवत होते.

“काळ म्हणजे बदलाचं मोजमाप. पण मोजणारं कोणीच नसेल, तर काळ असतो का? ॲरिस्टॉटल हा प्रश्न विचारतो.” मला पाहून ते थांबले. “या. तुम्हाला काय वाटतं?”

माझं डोकं सणकलं. “मी मोजायलेय की, सर. लगीन झाल्यापून तुमचा एकेक तास मीच मोजायलेय. दुसरं हाय कोन?”

ते हसले नाहीत. एकदा बाकांकडे पाहिलं. मग डस्टर घेऊन फळा एका कडेनं पुसायला लागले.

“खरंय तुझं,” ते पाठमोरेच म्हणाले. “लाव आनंदला फोन. येतो म्हणून सांग.”

हेच ऐकायला मी वर्षभर घसा फोडला होता. फोन हातात होता, नंबरही समोर होता. फळा अर्धा कोरा झाला होता आणि खडूची भुकटी यांच्या इस्त्रीच्या बाहीवर पडत होती. सकाळी उठून त्यांनी स्वतः इस्त्री केली होती, या तासासाठी.

मी फोन पर्समध्ये टाकला, पहिल्या बाकावर बसले आणि वही उघडली.

“फोन संध्याकाळी लावू, सर,” मी म्हणाले. “बेल व्हायची हाय अजून. शिकवा.”

त्यांनी डस्टर खाली ठेवलं आणि पुसलेलं पुन्हा लिहायला घेतलं.