पुसूनही उरलेली गिटार

मित्रांनो, जरा हलक्या हातानं हं! मी जुनी टेप आहे आणि माझं अंग आता बिस्किटासारखं तुटतं. टेप म्हटल्यावर तुमच्यातल्या कितीजणांच्या डोळ्यांसमोर काही येतं, देव जाणे. मी एक तपकिरी, लांबच लांब पट्टी, चकतीवर गुंडाळलेली. माझ्या अंगावर बारीक पूड लावलेली आहे आणि त्या पुडीत आवाज राहतो. कसा राहतो ते मला विचारू नका. खाल्लेल्या भाकरीचं रक्त कसं होतं, ते तुम्हाला तरी कुठं सांगता येतं? माझ्यात मात्र एकावर एक असे दोन आवाज राहिले आणि त्या दोघांच्या मधे एका बाईचं अख्खं आयुष्य अडकून पडलं.

मी बोटीनं ब्राझीलमधल्या रिओ द जानेरोला आले. गावाच्या मध्यभागी टोप्यांच्या दुकानावर एक छोटी रेकॉर्ड कंपनी होती, तिथं मला नेलं. आम्ही टेपा परदेशातून यायच्या, म्हणून भारी लाड. कुलपाच्या कपाटात ठेवायचे, ओल लागू नये म्हणून तिथं दिवा पेटता ठेवायचे. मला वाटायचं, आपण कोणीतरी मोठ्या आहोत!

एके दिवशी दुपारी जुराँदिरनं मला यंत्रावर चढवलं. जुराँदिर म्हणजे आमचा ध्वनिमुद्रक, जाड भिंगांचा चष्मा लावणारा, सतत कॉफी पिणारा. काचेपलीकडे दोघं बसले होते. दिरसे गाणारी आणि तिचा नवरा अमाउरी गिटार वाजवणारा. तेव्हा रिओत बोसा नोव्हा नावाच्या गाण्यांचे दिवस होते. मोठ्यानं गायचंच नाही, कानात गुपित सांगावं तसं गायचं. दिरसे त्यात अशी तरबेज, की ती मायक्रोफोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन गाऊ लागली की यंत्राची सुई जेमतेम हलायची आणि तरी शब्दन् शब्द ऐकू यायचा. 

गाणं होतं ‘शिंपला’. अमाउरीची एक सवय होती. सुरू करण्याआधी तो अंगठ्यानं जाड तार दोनदा छेडायचा आणि घशातल्या घशात ‘हं’ म्हणायचा. रेकॉर्ड विकताना तो भाग कापून टाकत, पण माझ्यावर तो होता. तार, तार, ‘हं’, आणि मग दिरसेचा आवाज. मी त्या दिवशी धन्य झाले, खोटं कशाला सांगू!

गाणं संपलं, दिरसे पाणी प्यायला बाहेर गेली, आणि जुराँदिर यंत्र बंद करायला विसरला. त्यामुळं अमाउरी पुढं जे बोलला तेही माझ्यावर उतरलं. ते काय होतं, ते योग्य जागी सांगते. माझ्यावर ते शेवटीच आहे.

‘शिंपला’ लोकांना आवडलं, पण त्याची रेकॉर्ड निघाली ती दुसऱ्या दिवशी घेतलेल्या टेपवरून. मी कपाटात परतले. त्यानंतर दीडएक वर्षात अमाउरी गेला. सकाळी पाव आणायला कोपऱ्यावरच्या बेकरीत गेला होता, तिथंच छातीत कळ आली. घरी पोर तान्ही होती. इआरा तिचं नाव.

मित्रांनो, तोवर हवा पालटली होती. तरुण पोरांना विजेची गिटार हवी होती, ड्रम हवे होते. कंपनीचे मालक गिल्मारसाहेब दिरसेला म्हणाले, “कुजबुज ऐकायला कोणी येत नाही आता, बाई. जरा तोंड उघडा!”

तिनं उघडलं. पोर सांभाळायची होती ना. पांढरे बूट घातले, केसांचा टोप लावला आणि असं काही गायली, की नवी रेकॉर्ड रेडिओवर दिवसभर वाजू लागली. गंमत म्हणजे तिलाही ते आवडलं! गाताना ती टाचा आपटायची, मधेच खिदळायची. पण जुने चाहते नाकं मुरडू लागले. एकानं तर बेकरीत सगळ्यांदेखत सुनावलं, “अमाउरी असता तर हा तमाशा होऊ दिला नसता त्यानं.” दिरसे पाव न घेताच परत आली, असं जुराँदिर कोणाला तरी सांगत होता. ते वाक्य तिच्या मनात जाऊन बसलं ते बसलंच.

आता माझी पाळी. बाहेरून माल येणं अवघड झालं, तशा कंपनीनं जुन्या टेपा पुसून वापरायला काढल्या. गायकांना ते सांगायचं नाही, अशी साहेबांची सक्त ताकीद. माझ्या डब्यावरची चिठ्ठी फाडली, नवी डकवली आणि दिरसेचं नवं गाणं ‘लाल स्कूटर’ माझ्यावर घेतलं. यंत्राचा जुना आवाज पुसणारा भाग झिजलेला होता. त्यानं मला पुसलं, पण घाईत फरशी पुसतात तसं. वरवर.

काय गायली ती त्या दिवशी! मी थरारून गेले. आणि तरी सगळा वेळ माझ्या अंगात खाली कोणीतरी हलकेच गिटार वाजवत होतं.

गाणं झालं. सगळे ऐकायला बसले. जुराँदिरनं मला मागं गुंडाळून पहिल्यापासून वाजवलं. ड्रम सुरू होण्याआधी क्षणभर शांतता होती आणि त्या शांततेत, दूर विहिरीतून यावं तसं, ऐकू आलं. तार. तार. ‘हं.’

दिरसेचा चेहरा पांढराफटक पडला. “कोण होतं ते?”

“कुठं काय?” जुराँदिर म्हणाला.

“अरे, आता! ड्रमच्या आधी!”

गिल्मारसाहेबांनी काचेतून जुराँदिरकडं नुसतं पाहिलं. जुराँदिरनं चष्मा पुसायला घेतला. “मला नाही बाई काही ऐकू आलं. शेजारच्या खोलीत कोणी असेल.”

गाणं पुढं चाललं. मधे एका जागी सगळी वाद्यं थांबतात, दिरसे एकटीच हसते आणि पुन्हा धडाका सुरू होतो. त्या फटीतून पुन्हा ती गिटार आली. ‘शिंपला’ची. दिरसे ताडकन उठली. डोक्यावरचा टोप खुर्चीत तसाच टाकून ती जिन्यानं धावत खाली गेली. जुराँदिरनं यंत्र थांबवलं.

मित्रांनो, तिथं जरा वेळ थांबली असती तर! ‘लाल स्कूटर’ लांबीला ‘शिंपला’पेक्षा लहान. ते जिथं संपत होतं तिथून पुढं मला कोणी पुसलंच नव्हतं. पुढं ‘शिंपला’चा उरलेला तुकडा होता आणि त्यानंतर अमाउरी स्वच्छ, मोकळ्या आवाजात बोलत होता. थोडीच पट्टी उरली होती हो! मला तोंड असतं तर मी जिन्यात जाऊन तिला हाक मारली असती.

दिरसेची मावशी एउलालिया मृतात्म्यांना बोलावायच्या बैठका घेई. त्या गावात कितीतरी घरी त्या चालतात, त्यात कोणाला नवल वाटत नाही. टेबलावर पांढरी चादर, पाण्याचा पेला, डोळे मिटून बसलेली माणसं. दिरसे तिथं गेली. मावशी म्हणाली, “पोरी, तुझ्या गाण्यानं तो बांधला गेलाय. तू गातेस आणि त्याला पुढं जाता येत नाही. गळा आवर, त्याला सुटू दे.”

दिरसेनं गळा आवरला. कायमचा. गिल्मारसाहेबांनी धमकावलं, विनवलं. ती कापडाच्या दुकानात कामाला लागली, पण गायली नाही. आणि जुराँदिर? एकदा जाऊन खरं सांगितलं असतं तर! तो घाबरला की विसरला, कोण जाणे. मी पट्टी आहे, मला मनं वाचता येत नाहीत.

‘लाल स्कूटर’ कधी विकायला आलंच नाही. मी अडगळीत पडले. दिवा गेला, लाड गेले, ओल आली. अंगाला आंबूस वास येऊ लागला. टेप वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवली ना, की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्याला लागतो. त्या अंधारात अमाउरी माझ्यात कुठं कुठं पसरला, ते मलाच कळेना. एक ‘हं’ होता, त्याचे कितीतरी झाले. भूत नव्हतं ते, मला पक्कं ठाऊक होतं. तरी भीती वाटायची.

कंपनी बुडाली. खोकी फिरत फिरत एका संग्रहालयात गेली. तिथल्या वानेस्साला आम्हां टेपांची फार माया. तिनं मला उलगडलं, साफ केलं, चिठ्ठीवरचं नाव वाचून घरच्यांना शोधून काढलं. म्हणाली, “ही एकदाच वाजेल. तेव्हाच संगणकावर उतरवून घेऊ. दिरसेबाईंनी समोर असावं.”

दिरसे आली. काठी टेकत, पाठीत वाकलेली. सोबत इआरा, तिचेही केस पिकलेले. इआरा वानेस्साला हळूच सांगत होती, “आमच्याकडं वाढदिवसाला सगळे टाळ्या वाजवून गातात ना, तेव्हा आई नुसत्या टाळ्या वाजवते. जुन्या रेकॉर्डी सोडल्या तर ती कशी गाते, मला माहीतच नाही.”

यंत्र सुरू झालं. तार, तार, ‘हं’. दिरसेनं काठी घट्ट धरली. “तोच. बंद करा. बाई, मी पाया पडते, बंद करा.”

“आजी, ती खालची जुनी टेप आहे,” वानेस्सा म्हणाली. “नीट पुसली नव्हती. सगळीकडं असंच करायचे तेव्हा.”

“टेप?” दिरसे वानेस्साकडं वळली. “नुसती टेप?”

‘लाल स्कूटर’ संपलं. माझी पूड यंत्रावर झडत होती, तरी मी जीव धरून पुढं सरकले. ‘शिंपला’चं शेवटचं टोक वाजलं आणि अमाउरी बोलला.

“छान काय, जुराँदिर! ही खरी दिरसे नव्हेच. घरी धुणं धुताना हिला ऐक. कार्निव्हलची गाणी, घसा ताणून, बादली बडवत! समोरच्या इमारतीतली माणसं खिडकीत येतात. इथं माझ्या गिटारीला धक्का लागू नये म्हणून बिचारी श्वाससुद्धा जपून घेते. एकदा हिला ड्रमबिम देऊन मोकळी सोडायला हवी. मी मागं बसून नुसता ऐकेन.”

“मग सांग की तिला,” जुराँदिरचा आवाज.

“सांगेन रे. आज सांगितलं तर डोक्यावर बसेल.”

दोघं हसले. पट्टी संपली.

मग दिरसेनं काठी जमिनीवर आपटली. “मेल्या! हे यंत्राला सांगितलंस? मी पलीकडं पाणी पीत होते रे! मला का नाही सांगितलंस?” आणि ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. इआरानं तिला धरलं तर तिनं हात झटकला.

“वानेस्सा, ते स्कूटरचं पुन्हा लाव गं.”

मला आता वाजवण्यात अर्थ नव्हता, अंगावर कुठं कुठं नुसती कोरी पट्टी उरली होती. तिनं संगणकावरचं लावलं. ड्रम वाजले, तरुण दिरसे गाऊ लागली आणि म्हातारी दिरसे तिच्यामागून निघाली. पहिल्याच ओळीला आवाज फाटला. दुसऱ्या ओळीला खोकला आला. वरच्या सुराला तर नुसती हवा निघाली.

“गेला गं,” ती म्हणाली. “संपला आवाज.”

“आई, गा,” इआरा म्हणाली. “कसंही गा. मी ऐकतेय.”

दिरसे टाच आपटत, बेसूर, घसा ताणून शेवटपर्यंत गायली. इआरा तोंडावर हात दाबून उभी होती. तिनं आईला समोर गाताना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

मित्रांनो, मला ओलीपासून जपा, उन्हापासून जपा, हे तर सांगायचंच आहे. पण त्याआधी एक ऐका. तुमच्या घरात कोणी गात असेल आणि तुम्हाला ते आवडत असेल, तर आजच तिच्याजवळ जाऊन सांगा. तिलाच सांगा. आम्ही ठेवतो हो जपून, पण आम्हाला वेळेवर पोचवता येत नाही.