कार्डं बंद झाली ती सकाळ

ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग शहरातल्या एका गोदामात ब्रॉनविनने बनवलेलं सॉफ्टवेअर बसलं होतं. नोकरीवर कोण आहे हे कंपनीच्या संगणकाला कळायचं आणि त्याप्रमाणे दारावरची कार्डयंत्रं माणसांना आत घ्यायची. माणूस काढला, की त्याचं कार्ड तत्क्षणी बंद.

शेवटी व्यवस्थापक ट्रेंटने आणखी एक सोय मागितली. एका सकाळपुरतं मुख्य दार पहारेकऱ्याच्या पडद्यावरूनही उघडता येऊ नये.

"कशासाठी?" ब्रॉनविनने विचारलं.

"सुरक्षितता."

तिला अंदाज आला होता. तरी तिने ते करून दिलं.

त्या सकाळी ती ट्रेंटसोबत वरच्या खोलीत पडद्यासमोर बसली होती; दाराबाहेरचं सगळं त्यावर दिसत आणि ऐकू येत होतं. पहिली पाळी दाराशी आली.

"आयला, माझं कार्ड मेलं!"

"तुझं थोबाड बघून मेलं असेल. सरक."

पण मागच्याचंही चाललं नाही. त्याच्या मागच्याचंही नाही. हसणं विरत गेलं. मग कोणीतरी फोन बघून म्हणालं, "काढलंय आपल्याला. सगळ्यांना."

गर्दीत इलिया होता, फोर्कलिफ्ट चालवणारा म्हातारा मॅसेडोनियन. ब्रॉनविन कार्डयंत्रं बसवत असताना त्याने घरच्या भाजलेल्या मिरच्यांची चटणी तिला आणून दिली होती. "खा पोरी, तुमच्या पावाला चव नसते," म्हणाला होता. आता त्याने छातीवर हात दाबला आणि तो भिंतीला टेकून खाली बसला. मग आडवा झाला.

"हृदयाला झटका द्यायचं मशीन आत लावलंय! दार उघडा!" लोक काचेवर बुक्क्या मारू लागले.

"उघड ना!" ब्रॉनविन ओरडली.

"ॲम्ब्युलन्स निघालीय. दार उघडलं तर सगळे आत घुसतील," ट्रेंट म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

तिने त्याला ढकलून पडद्यावर बोटं आपटली. दार हललं नाही. ते हलू नये अशी तजवीज तिचीच होती. ती जिन्यावरून धडपडत खाली पळाली, भिंतीवरचं मशीन ओरबाडून काढलं आणि आतल्या माणसांना बाहेर पडण्यासाठी असलेलं हिरवं बटण दाबलं. आत कोणीच घुसलं नाही. सगळे इलियाभोवती गुडघ्यांवर बसले होते.

मशीनने झटके दिले. ॲम्ब्युलन्सवाल्यांनीही बराच वेळ प्रयत्न केले. उपयोग झाला नाही.

अंत्यविधीनंतर चर्चच्या सभागृहात इलियाची बायको मिल्का सगळ्यांना गेलेल्याच्या नावाने वाटायचे उकडलेले गोड गहू देत होती. ब्रॉनविनच्या हातात ताटली ठेवून म्हणाली, "तूच ना ती, दार उघडायला धावलेली?"

"बंदही मीच केलं होतं," ब्रॉनविन म्हणाली. "म्हणजे, बंद राहील असं मीच करून दिलं होतं."

मिल्काने ताटली परत घेतली, हळूच, एक दाणाही सांडू न देता.

"जा तू," ती म्हणाली. "हे आमच्या माणसांसाठी आहे."

ब्रॉनविन निघाली. गोदामातली माणसं दाराशी उभी होती. तिला जाता यावं म्हणून ती सगळी बाजूला झाली.