कोरडी काच

नानांच्या घशातली गाठ काढली तेव्हा डॉक्टरांनी गळ्याला पुढून एक भोक ठेवलं आणि त्यात नळी बसवली. श्वास आता नाकातून नाही, त्या नळीतून. बोलायचं झालं तर नळीच्या तोंडावर बोट दाबायचं, मग दोनचार शब्द खरखरत बाहेर पडायचे. नळीतून कोरडी हवा थेट आत जाते, आतला कफ सुकतो आणि नळी बुजते, म्हणून पलंगाशेजारी वाफेचं यंत्र रात्रंदिवस चालू ठेवायचं होतं. घरी तपासायला येणाऱ्या नर्सने हे तिघांनाही चांगलं बजावलं होतं.

तिघं म्हणजे नाना, त्यांची लेक आणि जावई. नाना एकटे राहायचे, पण ऑपरेशननंतर लेकीने त्यांना आपल्याकडे आणलं. घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत स्वयंपाक होता आणि तिला खिडकी नव्हती. बाहेरच्या खोलीला रस्त्यावर उघडणारी खिडकी होती, ती नानांना दिली. नवराबायको आत शेगडीजवळ झोपायला लागले.

थंडी वाढली तशी ती खिडकी रडायला लागली. सकाळी काचेवरून पाण्याचे ओघळ उतरायचे, चौकटीत साचायचे आणि तिथून नानांच्या गादीवर ठिबकायचे. लेक शाळेच्या ऑफिसात कामाला होती. निघण्याआधी ती जुन्या टॉवेलने काच पुसायची, टॉवेल बादलीत पिळायची, परत पुसायची. संध्याकाळी येऊन पाहावं तर पुन्हा तेच. चौकटीचे कोपरे काळे पडले. नानांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. एकदा त्यांनी नळीवर बोट ठेवून जावयाला सांगितलं, "जन्म लिफ्टच्या शाफ्टमध्ये गेला. आता खिडकी मिळाली, तर बाहेर नुसतं दूध."

जावई काचा बसवायचं काम करायचा. त्या वर्षी त्याच्या मालकाला एका मोठ्या ऑफिसचं काम मिळालं होतं, तापणाऱ्या काचांचं. दोन काचांच्या मध्ये डोळ्यांना दिसणार नाही असा पातळ थर असतो, त्यातून वीज गेली की काच आतल्या बाजूने कोमट होते. कोमट काचेवर दव धरत नाही, आणि शेजारी बसणाऱ्याला गारही लागत नाही. त्यातली एक काच चुकीच्या मापाची आली. अशी काच बनल्यावर कापता येत नाही, कापायला गेलं तर तिचा चुरा होतो. मालक ती टाकूनच देणार होता. जावयाने मागून घेतली.

काच खिडकीपेक्षा चार बोटं रुंद होती. काच कापता येत नाही म्हटल्यावर जावयाने भिंत कापली. घरमालकाला विचारून एका सुट्टीच्या दिवशी त्याने खिडकीची बाजू फोडली, नवी चौकट बसवली आणि विजेची तार पलंगामागून फिरवून घेतली. तेवढा वेळ नाना आतल्या खोलीत यंत्र मांडीशी घेऊन बसले होते आणि घरभर सिमेंटची धूळ उडाली म्हणून लेक नवऱ्यावर करवादत होती. सगळं आवरल्यावर जावयाने नानांना पलंगावर आणून बसवलं आणि बटण त्यांनाच दाबायला लावलं.

आधी काही झालं नाही. मग काचेवरचं धुकं मधोमध विरळ झालं, बाजूंना सरकत गेलं आणि रस्ता दिसायला लागला. ओले फुटपाथ, छत्री मिटणारी एक बाई, समोरच्या दुकानात खुर्चीवर मान मागे टाकून बसलेला माणूस. नानांनी तळहात काचेवर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. मग दुसऱ्या हाताचं बोट नळीवर गेलं.

"समोर न्हावी आहे होय," ते म्हणाले. "आणि मला तुम्ही दाढीसाठी चौकापर्यंत चालवता, जावईबापू."

लेक हसता हसता आत निघून गेली आणि तिथे डोळे पुसून आली.

पुढचे काही आठवडे त्या घराला चांगले गेले. गादी कोरडी, टॉवेल कोरडा. लेक सकाळी जरा उशिरा उठायला लागली. नानांना रस्त्याचा नाद लागला. न्हाव्याकडे कोण दाढी करून घेतं आणि कोण नुसतं पेपर वाचायला येऊन बसतं, याची सगळी हकीकत ते संध्याकाळी तुकड्यातुकड्यांनी सांगायचे. जावयाने दोन सोबत्यांना घरी आणून काच दाखवली. तो तसा मिरवणाऱ्यातला नव्हता, पण त्या दिवशी चहा त्याने स्वतः केला.

मग खोलीला वास यायला लागला. तळघरात येतो तसा. लेकीने चादरी धुतल्या, फरशी पुसली, तरी वास जाईना. नानांचा खोकला वाढला, नळीतून हिरवट कफ येऊ लागला. नर्स आली, तिने दारातच नाक आक्रसलं आणि कोपऱ्यातलं कपाट ओढायला सांगितलं. जावयाने ते पुढे घेतलं. मागची भिंत खालपासून खांद्याच्या उंचीपर्यंत काळी झाली होती. गिलावा हात लावला की लोण्यासारखा सुटत होता. कपाटाची पाठ फुगून उकलली होती आणि आतले नानांचे लोकरी कपडे बुरशीने पांढरे पडले होते.

नर्स काही वाईट बोलली नाही. यंत्र तेवढीच वाफ सोडतंय, एवढंच ती म्हणाली. पूर्वी वाफ काचेवर बसायची, कारण खोलीत सगळ्यात गार काचच होती. आता काच गरम, म्हणून वाफेने दुसरी गार जागा शोधली. ती भिंत बाहेरच्या बाजूची होती आणि कपाटामागे ऊब पोचतच नव्हती.

जावई भिंतीकडे पाहत उभा राहिला. काचेतलं त्याला सगळं कळायचं. हे कसं सुचलं नाही, असं तो त्या आठवड्यात बायकोला तीन वेळा म्हणाला. तिने दोनदा समजूत घातली. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "काचेवर होतं तेव्हा दिसत तरी होतं. पुसत तरी होते मी."

मग दोघांनी सुचेल ते केलं. भिंत खरवडली, औषध मारलं, रंग दिला. रंग फुगून निघाला. खिडकी उघडून ठेवली तर गार कोरड्या हवेने नानांना ढास लागायची. काचेची वीज बंद करून पाहिली. काच पुन्हा वाहायला लागली, गादी भिजली, आणि एकदा आतपर्यंत ओली झालेली भिंत काही सुकेना. वीज परत चालू केली. नानांना आतल्या खोलीत हलवावं, तर तिथे खिडकीच नाही, वाफ जाणार कुठे? डॉक्टर म्हणाले, बुरशी फुप्फुसात शिरली तर आवरणार नाही, यांना निदान उन्हाळ्यापर्यंत शुश्रूषागृहात ठेवा. हे त्यांनी लेकीला खोलीच्या दारात उभं राहून हळू आवाजात सांगितलं. नानांच्या आवाजाला काय झालं असेल ते असो, कान तिखट होते.

दोन दिवसांनी जावई एक हत्यार विसरला म्हणून दुपारी घरी आला. दार उघडल्या उघडल्या त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. घर शांत होतं. यंत्राची घरघर बंद होती. वीज गेली असेल म्हणून त्याने काचेला हात लावला, तर काच कोमट. यंत्राचं बटण कोणीतरी हाताने बंद केलं होतं, आणि भांड्यातलं पाणी पार गार झालेलं होतं, म्हणजे सकाळी दोघं कामाला गेल्यापासूनच.

नाना भिंतीकडे तोंड करून पडले होते. ओठ निळे, छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि नळीतून शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता. जावयाने नर्सने शिकवलं होतं तसं कफ ओढायचं यंत्र लावलं. माणसाएवढी काच खांद्यावर घेऊन जिने चढणारे त्याचे हात, पण ती बारीक नळी भोकात जाईना. आतला कफ दगड झाला होता. त्याने अँब्युलन्सला फोन केला, मिठाच्या पाण्याचे थेंब सोडले, पुन्हा ओढलं. नाना त्याच्याकडे पाहत होते. बोलायला बोट उचलण्याचंही त्राण नव्हतं.

अँब्युलन्सची माणसं वेळेवर पोचली आणि नाना वाचले. हॉस्पिटलमध्ये थोडी तरतरी आल्यावर लेकीने विचारलं, असं का केलंत? बोट नळीवर ठेवायला त्यांना वेळ लागला.

"भिंत सुकते का बघत होतो," ते म्हणाले.

तिला रागवायचं होतं. ती त्यांच्या पायांवरची चादर नुसती सारखी करत राहिली.

तिथून त्यांना परस्पर शुश्रूषागृहात नेलं. फुप्फुसात डाग निघाले होते, त्या घरात परत न्यायचं नाही, असं डॉक्टरांनी आता दोघांना समोर बसवून सांगितलं. जागा वाईट नव्हती. मोठी खोली, चार पलंग, वाफ भिंतीतल्या नळीतून थेट गळ्याशी येणारी. नर्सेस प्रेमळ होत्या. फक्त चौघांपैकी कुणालाच धड बोलता येत नव्हतं.

घरी खोली रिकामी झाली. जावयाने भिंत पुन्हा खरवडली, पण या वेळी रंग देण्याआधी थांबला, कारण भिंत आपोआपच सुकू लागली होती. श्वास घेणारं कुणी नाही, यंत्र नाही, तर पाणी येणार कुठून? काही आठवड्यांत गिलावा खडखडीत झाला. काच काढून टाकू का, असं त्याने विचारलं. बायको म्हणाली, राहू दे, आता काढून काय मिळणार आहे?

एका रविवारी तो एकटाच नानांना भेटायला गेला. लेकीला ताप होता. नानांनी खुणेने लेकीची चौकशी केली, मग नळीवर बोट ठेवलं.

"भिंत?"

जावयाला खोटं बोलता आलं असतं. पण नानांनी उभा जन्म यंत्रं दुरुस्त केली होती, जे मोडलंय ते कधी ना कधी नीट होतं यावर त्यांचा विश्वास होता, आणि ते उत्तराची वाट पाहत होते.

"सुकली," तो म्हणाला. "अगदी कोरडी झाली, नाना."

नानांचा चेहरा उजळला. त्यांनी बोट काढून दम घेतला आणि परत ठेवलं.

"मग कधी नेता घरी?"

शेजारच्या पलंगावरच्या माणसानेही मान वळवली होती. खाली नर्स दारावर घंटा वाजवत होती, भेटीची वेळ संपली होती. जावयाने नानांची उशी नीट केली, ती नीटच होती, आणि त्यांचा हात आपल्या हातात धरून बसून राहिला. पुन्हा घंटा वाजली तरी त्याला उठवेना.