तांबड्या आणि बाटलीतला वास

मी एक म्हातारा गावठी कुत्रा आहे, मित्रांनो. अंगाचा रंग तांबडा, म्हणून नाव तांबड्या. माझा डावा कान एका रानडुकराने अर्धा नेला आणि हल्ली डोळ्यांनाही धूसर दिसतं. नाक मात्र अजून चालतं. ही हकिगत त्या नाकाचीच आहे. माणसांनी त्याचं खूप कौतुक केलं आणि पुढे त्याच्यावर खोटा आळही घेतला.

सिद्धगडाच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीत, भाताच्या पेंढ्याच्या गंजीखाली माझा जन्म झाला. चंदर नावाच्या माणसाने मला उचलून घरी आणलं. त्याच्या बायकोचं नाव देवकी. तिने माझ्यापुढे पेज ठेवली, तेव्हा मी ती लगेच खाल्ली नाही. आधी भांड्याचा वास घेतला, मग तिच्या हाताचा, मग पुन्हा भांड्याचा. देवकी हसली. "लई संशयी हाय गो बाय ह्यो!" असं ती शेजारणीला म्हणाली.

ती खरं बोलली होती. मी जातीचाच संशयी आहे. पायवाटेवर पालापाचोळा हलला की मी थांबायचो. देवकी लाकडं आणायला निघाली की मी पुढे चालायचो. एकदा मी वाट अडवून इतका भुंकलो की ती चिडून मला ढकलायला आली, आणि तेवढ्यात तिला दगडाशेजारी वेटोळं घालून बसलेली घोणस दिसली. त्या दिवसापासून मी भुंकलो की घरातलं माणूस थांबायचं. माझ्या संशयाला त्या घरात मान होता.

पुढे आमच्या वाडीपासून थोड्या अंतरावर, मुरबाडच्या रस्त्याला एक रिसॉर्ट उभं राहिलं. मालक सुरेंद्रशेठ आसनगावचे. चंदर तिथे राखणदार म्हणून लागला आणि देवकी स्वयंपाकघरात. त्याआधी दरवर्षी दिवाळी झाली की वाडीतल्या इतरांसारखे तेही भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे. आता घर उघडं राहणार, चूल इथेच पेटणार, म्हणून देवकी फार खुशीत होती.

मीही चंदरच्या मागे रोज तिथे जायचो. एकदा एका पाहुण्याच्या गाडीची किल्ली गवतात हरवली. चंदरने मला त्या पाहुण्याच्या रुमालाचा वास दिला आणि मी ती शोधून दिली. सुरेंद्रशेठ माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. ते बघणं मला आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खिशातून एक छोटी बाटली काढली आणि कापसाचा बोळा भिजवून माझ्या नाकापुढे धरला. मित्रांनो, मला जोराची शिंक आली! लसूण, गळका गॅस आणि पावसात न वाळलेला मोजा एकत्र केल्यासारखा तो वास होता.

"सायेब, हा कसला वास?" चंदरने विचारलं.

"ट्रफल! जमिनीखाली उगवणारी अळंबी असते ती. इटलीत कुत्रे हुंगून काढतात. सोन्यासारखी विकली जाते. आपल्या जमिनीतपण आहे, मी एक्सपर्ट आणून बघितलंय. तुझा कुत्रा शोधणार, पाहुणे बघणार. एकदम हिट आयटम!"

"आमच्या रानात? मी तर कदी बगितली नाय."

"जमिनीखाली असते म्हटलं ना. तू कशी बघणार?"

चंदर रोज तो बोळा गवतात लपवायला लागला. मला बोळा सापडला की कोंबडीचा तुकडा मिळायचा, म्हणून मीही शिकलो. दसऱ्याच्या सुमारास खेळ सुरू झाला. मुंबई-ठाण्याहून आलेले पाहुणे आमच्यामागून चालायचे. मी ऐनाच्या झाडाखाली, बांधाच्या कडेला उकरायचो आणि मातीतून काळपट, खडबडीत गाठ निघायची. टाळ्या वाजायच्या, फोन पुढे यायचे. सुरेंद्रशेठ ती गाठ आत न्यायचे आणि थोड्या वेळाने तिचे पातळ काप पाहुण्यांच्या ताटात यायचे. फलकावर माझं चित्र आलं. त्याखाली 'रोमियो' असं नाव लिहिलं होतं. एका बाईंनी माझ्या गळ्यात झेंडूची माळ घातली. मला ते सगळं आवडत होतं, हे नाकारत नाही.

पण नाकाला चैन पडेना. रानातल्या कुठल्याही वस्तूला रोज वेगळा वास येतो. अळंबी सकाळी एक वास देते, उन्हं चढली की दुसरा, कुजायला लागली की तिसरा. हा वास मात्र कधी बदलायचा नाही. ऊन पडो, दव पडो, माती काळी असो की तांबडी, वास तोच. आणि त्या वासाच्या खाली दुसरे दोन वास लपलेले असायचे. एक सुरेंद्रशेठच्या बोटांचा. दुसरा माझ्या चांगला ओळखीचा, चुलीवर उकडलेल्या करांद्यांचा. करांदे म्हणजे आमच्याकडच्या रानवेलीचे कडसर कंद. वाडीत घरोघरी उकडून खातात. मग मला प्रत्येक गोष्टीचा संशय यायला लागला. रात्रीतून माती कुणी भुसभुशीत केली? शेठ भल्या पहाटे एकटेच बांधावर का जातात? उकरताना मी मागे वळून बघायचो, तेव्हा ते माझ्याकडे न बघता पाहुण्यांकडे बघत असायचे.

चंदरलाही तसंच वाटत असावं. एका संध्याकाळी पडवीत बसून तो देवकीला म्हणाला, "माझ्याकडून करांदे मागवतात शेठ. कुनाला लागतात एवढे?"

"मलाच उकडाय लावतात. म्हनतात, कामगारांना द्यायचेत. पन कामगारांच्या ताटात मी कदी वाढले नायत."

"मंग जातात कुटं?"

देवकी चुलीतलं लाकूड मागे ओढत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "विचारू नको रे. ह्या साली भट्टीवर जायाचं नाय आपल्याला."

चंदरने माझ्या पाठीवर हात ठेवला.

थंडी पडली तेव्हा कविताताई आल्या. त्यांनी बरीच वर्षं परदेशातल्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरात काम केलं होतं आणि आता ठाण्याला स्वयंपाकाचे वर्ग घेत होत्या. जेवताना त्यांनी काप उचलला, वास घेतला, चावला आणि बाजूला ठेवला. मी पायरीवरून बघत होतो. माणसाने माझ्यासारखं आधी वास घेऊन मग खाल्लेलं मी प्रथमच पाहिलं. मला त्या बाई एकदम जवळच्या वाटल्या.

"हे ट्रफल इथलेच?" त्यांनी विचारलं.

"हंड्रेड पर्सेंट! उद्या सकाळी स्वतः बघा ना, मॅडम," सुरेंद्रशेठ म्हणाले.

सकाळी पाहुणे जमले. मी नेहमीसारखं उकरलं, टाळ्या वाजल्या. मग कविताताईंनी पिशवीतून एक डबा काढला. त्यात कागदात गुंडाळलेली एक काळी गाठ होती.

"हा माझ्या मैत्रिणीने इटलीहून आणलाय. खरा ट्रफल आहे. आपण हा पुरू या. रोमियोला सापडतो का बघू."

"अहो, कशाला उगीच? कुत्रा आता दमलाय," सुरेंद्रशेठ घाईने म्हणाले.

पण पाहुण्यांना गंमत वाटली. "होऊ दे की!" असं सगळेच म्हणायला लागले, तेव्हा शेठना नाही म्हणता येईना. मला एका खोलीमागे नेलं, गाठ पुरली आणि परत आणलं.

चंदर म्हणाला, "शोध रे, तांबड्या."

मी निघालो. एका आवळ्याच्या झाडाशी मला एक नवा वास आला. ओल्या पानांचा, जुन्या तुपाचा, थोडासा मधाचा, आणि त्यात काहीतरी जिवंत, हळूहळू पिकत असलेलं. फार सुंदर वास होता तो, मित्रांनो. मी क्षणभर थांबलो. पण मला हा वास कुणी शिकवलाच नव्हता. मला शिकवलेला वास दुसरा होता आणि तो वाऱ्यावर मागच्या बाजूने येत होता. मी आवळा सोडून वळलो, पाहुण्यांच्या मधून सरळ चालत गेलो, सुरेंद्रशेठच्या पुढ्यात बसलो आणि त्यांच्या पँटच्या खिशावर पंजा ठेवला.

आधी सगळे हसले. मग हसू एकेकाच्या तोंडावरून गेलं.

"खिशात काय आहे हो?" एका आजोबांनी विचारलं.

शेठनी मला लाथेने बाजूला सारलं. "कुत्रा बिघडलाय! म्हातारा झालाय, नाक गेलंय त्याचं. चंदर, बांध त्याला मागे!"

कविताताई शांतपणे म्हणाल्या, "त्याचं नाक अगदी नीट आहे. तुम्ही जे शिकवलंत तेच त्याने शोधलं. हा वास कारखान्यात तयार होतो. तेलात थेंबभर घातला की झालं. बाजारातल्या बऱ्याच ट्रफल तेलांमध्ये ट्रफल नावालाच असतो. विकायचंय तर विका, पण मग तसं सांगून विका." मग त्या चंदरकडे वळल्या. "दादा, तुम्ही इथलेच ना? रोज जमिनीतून काय निघतं?"

चंदरच्या हातात माझी दोरी होती. त्याच्या तळव्याला घाम फुटल्याचा वास मला आला. देवकी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. शेठ त्याच्याकडे रोखून बघत होते. चंदरने देवकीकडे बघितलं. तिने पदराने हात पुसले आणि मान हलवली.

"करांदे निगतात, ताई," चंदर म्हणाला. "मीच आनून देतो, हीच उकडते. पुढं काय करतात ते आमाला कुनी सांगितलं नाय. पन कुत्र्याला खोटं पाडू नका, शेठ. त्यानं आजवर कदी खोटं दाखवलं नाय."

आवळ्याखालचा तो ट्रफल कविताताईंनी उकरला आणि एक पातळ काप मला दिला. मी तो तीनदा हुंगून खाल्ला. देवकीनेही चाखला. "बरा हाय, पन आमच्या पावसाळ्यातल्या अळंबीची सर नाय," ती म्हणाली, आणि त्या सकाळी पहिल्यांदाच कुणीतरी मोकळं हसलं.

त्याच दुपारी दोघांची नोकरी गेली. रिसॉर्ट काही बंद पडलं नाही. फलकावरचं माझं चित्र खरवडून काढलं आणि पदार्थाच्या नावापुढे 'ट्रफल फ्लेवर' असं लिहिलं. अजूनही लोक ते आवडीने खातात, असं ऐकतो. ज्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, त्यांच्यापैकी कुणी परत मला बघायला आलं नाही.

थोड्याच दिवसांत भट्टीवर जाणारा टेम्पो वाडीत आला. पातेली, गोधड्या, कोंबड्यांची पाटी चढवली गेली. मी अंगणात बसून बघत होतो. दरवर्षी वाडीतले कितीतरी कुत्रे असेच मागे राहतात. टेम्पोमागे ते थोडं धावतात आणि मग ओढ्यापाशी थांबतात. शेठच्या खिशावर ठेवलेल्या माझ्या पंजामुळे या घरची चूल विझली होती. आणि मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला चंदरचा संशय आला. तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याने दाराला कुलूप लावलं, टेम्पोत चढला, आणि मी उठलोसुद्धा नाही. धावून काय उपयोग, असं वाटलं.

"कुत्रा कशाला रे? जागा नाय!" भट्टीच्या मुकादमाचा आवाज आला.

मी वर बघितलं. चंदर पुन्हा खाली उतरला होता. त्याने मला पोटाखालून दोन्ही हात घालून उचललं, लहानपणी उचललं होतं तसं नव्हे, आता मी जड होतो, त्याला दम लागला.

"घरातला हाय तो," चंदर म्हणाला. "मी उबा रातो, त्याला बसू द्या."

भिवंडीपर्यंत तो खरंच उभा राहिला. देवकीने माझं डोकं मांडीवर घेतलं होतं.

मित्रांनो, आमचं नाक तुमच्यापेक्षा तेज असेल, पण त्याला खरं काय आणि खोटं काय हे तुम्हीच शिकवता. तुम्ही जो वास पुढे धराल, तोच आम्ही जिवापाड शोधतो. म्हणून आमच्यापुढे काय धरताय, ते आधी तुम्ही हुंगून बघा. आणि शोधायचं काम संपलं, खेळ मोडला, टाळ्या थांबल्या, तरी आम्हाला अंगणात ठेवून निघून जाऊ नका. टेम्पोत थोडं सरकलं की एका कुत्र्यापुरती जागा होते.