कावळ्याचा शॉट

शूटिंगवाल्यांना काय लागंल ते मी आणून देतो. साताऱ्यापासनं रहिमतपूरपर्यंत कुणाला बैलगाडी पायजे, जुनी जीप पायजे, मयताला रडणाऱ्या बायका पायजेत, फोन नाथाजीलाच येतो. एकदा एका मालिकेला नवरदेवाची घोडी मिळंना, तर मी खेचराला झूल घालून उभं केलं. हिरो त्येच्यावर बसून दोन चौक फिरला. कुणाला पत्ता लागला न्हाई, उलट हिरोइन मॅडमनी त्याला गूळ चारला.

पण कावळा आजवर कुणी मागितला नव्हता.

"नाथाजी, घाटावर उतरणारा कावळा लागेल," डायरेक्टर यशराज म्हणाले. पुण्याचा माणूस, बोलणं गोड. "पिंडाला शिवणारा. एकच पुरे."

"एक येत न्हाई साहेब. कावळा आला की भावकी घिऊन येतो."

फिलिम टीव्हीसाठी हुती, दोन तासांची. माझ्याच मावसभावावर, विश्वजितवर. भामामावशी माझ्या आईची चुलत बहीण, तिचा हा एकुलता पोरगा. सांगलीच्या मार्केटात हळदीच्या सौद्याला बोली पुकारायचा, आवाज असा की पार रस्त्यापर्यंत ऐकू जायचा. रविराज रिक्षा चालवायचा. दोघं एका खोलीत राहायची. चार वर्सं राहिली. आमाला सगळ्यांना कळत हुतं, आन कुणीच कळून घेत नव्हतं.

तीन वर्सांमागं गल्लीतल्या चौघांनी दोघांना नदीकाठाला गाठलं. "बाप्यानं बाप्यासंगं संसार मांडलाय व्हय रं," म्हणत लोखंडी पाइपनं मारलं. रविराजचा हात मोडला. विश्वजितनं दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जीव सोडला. चौघांना शिक्षा लागली. कोर्टात त्यांचा वकील म्हणला, पोरं चेष्टा करत हुती. मी उभा जन्म लोकांची चेष्टा करत आलोय. पाइप घिऊन कवा गेलो न्हाई.

चॅनलची माणसं मावशीकडं गेली ती माझ्याच वळखीनं. मावशीनं सगळं सांगितलं आन एकच अट घातली. "तिसऱ्या दिवसाचं जसं झालं तसंच दाखवा. बाकी काय बी करा."

तिसऱ्या दिवशी, राख सावडल्यावर, घाटावर निवद ठेवला तर कावळा शिवंना. नऊला ठेवलेलं, बारा वाजलं. माणसाचं काय तरी मागं राहिलं असलं की कावळा शिवत न्हाई, म्हणून एकेक जण पुढं हुन शब्द द्यायला लागला. चुलता बिराप्पा म्हणला, वैनीला घर बांधून देतो. मामा म्हणला, केस शेवटापर्यंत लढतो. कावळा आपला बाभळीवर बसून मान वाकडी करून बघतोय. रविराज लांब रिक्षापाशी उभा हुता, हात प्लास्टरमदी. भावकीनंच त्येला बजावलं हुतं, खाली येऊ नगंस. मावशीनं त्येला हाक मारली. त्यो आला, एकच हात कपाळाला लावला आन म्हणला, "विशू, आईला मी बघतो. तू जा आता." कावळा उतरला.

शंभरभर माणूस हुतं. त्या दिवसापासनं रविराज त्या घरात राहतोय ते राहतोयच. मावशीला तेवढंच दाखवायचं हुतं. तिचा पोरगा कुणाचा हुता ते.

मी तिला शब्द दिला. चॅनलचा कागद बी मीच वाचून दाखवला. खालचं बारीक अक्षर सोडलं, चष्मा गाडीत हुता म्हणून. तिनं सही केली.

सांगलीचा घाट गजबजलेला, म्हणून शूटिंग ठरलं साताऱ्याजवळ माहुलीला. मी चार दिवस आधीपासनं कामाला लागलो. रोज सकाळी नवाला घाटाच्या दगडावर फरसाण. पहिल्या दिवशी दोन कावळं, दुसऱ्या दिवशी सात. चौथ्या दिवशी नुसती पिशवी वाजवली की झाडावरनं उतरायला लागलं.

आन पाचव्या दिवसाच्या शूटिंगचं कागद आलं. गर्दीला कुठं उभं करायचं ते बघायला उघडलं, तर कावळ्याच्या सीनमदी रविराजच न्हाई. पुढं येती ती पल्लवी नावाची पोरगी. होणारी बायको.

मी यशराजसाहेबांना गाठलं. "साहेब, ही कोण?"

"नाथाजी, संध्याकाळी सातला लागणार आहे फिल्म. घरातली सगळी माणसं एकत्र बसून बघतात. वरून निरोप आला, नाजूक विषय आहे, जरा सौम्य करा."

"मग रविराज?"

"आहे की. जिवलग मित्र."

"आन मारलं कशापायी?"

"मुलगी दुसऱ्या समाजाची. ते लोकांना पटकन कळतं."

"म्हंजे पाइप तसाच ठेवला, आन ज्याच्यापायी मारलं तेवढं काढलं."

"मला पण वाईट वाटतंय हो," साहेब म्हणालं. त्येंच्या तोंडावर खरंच वाईट वाटत हुतं, त्यानं माझं डोकं जास्तच फिरलं. वर त्येंनी मावशीच्या सहीचा कागद दाखवला. बारीक अक्षरात लिवलं हुतं, कथेत गरजेनुसार बदल करण्याचा हक्क.

उद्या मावशी शूटिंग बघायला येणार हुती. तिला फोन लावला, दोनदा वाजला आन मीच कापला. काय सांगणार, चष्मा गाडीत हुता म्हणून?

मग मी दुसरा फोन लावला, दादासोला. माझा मासेवाला मैतर, पलीकडच्या काठाला राहतो. "दाद्या, उद्या सकाळी नवाला माशांची आतडी घिऊन तुझ्या काठाला बस. कावळ्यांचं जेवण हाय."

"कुणाचं श्राद्ध?"

"एका पोरीचं. ती जन्मालाच आली न्हाई, पण घालायचं हाय."

"तू सुधारणार न्हाईस गड्या."

सकाळी सगळं मांडलं. भाताचं गोळं, दह्याची वाटी, गर्दीची माणसं पांढऱ्या कापडात. मावशी आन रविराज मागं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. पोरगी पुढं आली, हात जोडलं, "मी आईंना अंतर देणार नाही," म्हणाली. कावळा न्हाई. नदीपलीकडं मात्र आभाळ काळं झालेलं.

"ही कोण रं नाथा?" मावशीनं विचारलं.

"थांब जरा," मी म्हणलं.

दुसरा टेक, पाचवा टेक. पोरगी गुणाची हुती, दर खेपंला खरं पाणी काढायची. साहेब माझ्याकडं बघायचं, मी झाडाकडं. गर्दीत मी रहिमतपूरची म्हातारी माणसं आणली हुती, त्यातलं लालासाहेब नववा टेक संपल्यावर आपणहून पुढं झालं आन निवदासमोर उकिडवं बसलं.

"बाबा, म्हशी राहिल्या असतील तर त्या बी बघतो आमी."

"कट," साहेब म्हणालं. "आजोबा, तुम्हाला संवाद नाही."

"आवं पण शिवंना की. कुणी तरी बोलाय पायजे. ह्या पोरीवर त्याचा जीव न्हाई, सरळ दिसतंय. दुसरं कोण असंल तर आणा."

मी त्येंना काय बी शिकवलं नव्हतं. देवाशप्पत. मला हसू आवरंना, मी पाठ फिरवून खोकलो.

अकरा वाजलं. लाइटवाली पोरं कुजबुजायला लागली. शेवटी साहेब घाम पुसत म्हणालं, "ठीक आहे, एकदा मित्राला उभं करून बघू."

मी दाद्याला मिसकॉल दिला. त्यानं पाटी झाकली. हिकडं मी निवदाच्या दगडामागं फरसाण टाकलं आन पिशवी वाजवली. रविराजचं काम करणारा पोरगा पुढं आला. त्याला संवाद कुणी दिलाच नव्हता, त्यो नुसता हात जोडून उभा. मागनं खरा रविराज हळूच म्हणला, "विशू, आईला मी बघतो म्हणा." त्यानं तसंच म्हणलं. एक कावळा उतरला, मग तीन, मग सगळी भावकी.

लालासाहेबांनी टोपी काढली. मावशीनं पदरानं तोंड पुसलं आन माझ्या दंडाला धरून म्हणाली, "शब्द पाळलास बाबा."

दोघं एस्टीनं सांगलीला गेली. मी खुशीत साहेबांपाशी गेलो. ते छोट्या टीव्हीवर कावळा बघत हुतं, परत परत.

"अप्रतिम मिळाला नाथाजी. आता मुलीचा चेहरा घेतला की याला जोडतो. लोकांना वाटेल तिच्याचसाठी उतरला."

"आन मित्राचा शॉट?"

"तो कटेल. पण कावळा तुमच्यामुळं मिळाला हं."

मी त्येंना लय बोललो. काय बोललो ते हितं लिवण्यासारखं न्हाई. साहेबांनी ऐकून घेतलं, पाण्याची बाटली पुढं केली आन पोरीला उभं केलं. जाताना मी त्येंच्या गाडीच्या सायलेन्सरमदी बटाटा कोंबला. गाडी धा मिनटं चालू झाली न्हाई. मग झाली.

चार महिन्यांनी रविवारी फिलिम लागणार हुती. ह्या चार महिन्यांत मी सांगलीला सहा खेपा गेलो, सहा खेपा च्या पिऊन परत आलो. शेवटी त्या रविवारी पाचला मावशीच्या सैपाकघरात उभं राहून सगळं सांगितलं. पोरगी, कागद, बारीक अक्षर.

ती पोहं भिजवत हुती. भिजवत राहिली.

"कावळा बी मीच आणला हुता मावशे. फरसाण टाकून."

"त्या दिवशी, खऱ्या दिवशी, कुणी टाकलं हुतं का?"

"न्हाई."

"मग झालं." तिनं हात झटकला. "पण माणसं बोलावून बसले रं. रविराज राहायला आल्यापासनं भावकी पहिल्यांदा घरात येणार हाय."

"केबल कापतो. गल्लीतल्या केबलवाल्याची वळख हाय."

"तुला दुसरं काय येतं का?" ती म्हणाली, आन मला ते लागलं.

सातला घर भरलं. बिराप्पा पुढं खुर्चीत. रविराज आत च्या बघत हुता. फिलिम चांगली केलीती, तीच तर आग हुती. मारामारीला बायका रडल्या. मग घाट आला, पोरगी आली, तिच्या डोळ्यातनं पाणी पडलं, आन माझा कावळा, फरसाणावर पोसलेला, झोकात उतरला. घरात उसासा पडला. जाहिराती लागल्या.

बिराप्पांनी डोळं पुसलं. "पोरगी गुणाची हुती गा. आपल्याला कळलंच न्हाई. आता कुठं असती ती?"

मला वाटलं, ह्या माणसानं थट्टा मांडली. न्हाई. खरंच विचारत हुतं.

"भावजी," मावशी म्हणाली, "तुमी हुता की त्या दिवशी. घर बांधतो म्हणाला तुमी."

"हुतो की."

"मग? कोण आलं हुतं पुढं?"

बिराप्पांनी टीव्हीकडं बघितलं. तिथं साबणाची जाहिरात चालली हुती. "गर्दी हुती वैनी. लांबनं नीट दिसलं न्हाई."

आतनं रविराज च्याचा ट्रे घिऊन आला. मावशीनं त्येच्या हातातनं ट्रे काढून घेतला, माझ्याकडं दिला, आन त्येला मनगटाला धरून बिराप्पांच्या समोर, आपल्या बाजूला बसवलं. त्या हाताला अजून वाक हाय.

"हा बघा. आता लांब न्हाई."

कोपऱ्यातनं एक सूनबाई हळूच म्हणाली, "काकू, सुरू झालं वाटतं, आवाज वाढवा की." बिराप्पांनी ट्रेमदला कप उचलला, बशीत च्या ओतला आन त्या बशीकडंच बघत राहिलं. मी ट्रे धरून तसाच उभा हुतो, आन मला त्या घडीला एक बी युक्ती सुचली न्हाई.