पाटलीच्या आतल्या बाजूला

दात घासायचा जुना ब्रश, केस एका अंगाला लवलेले, आणि त्या ब्रशाखाली रिठ्याच्या पाण्यात बेबीच्या पाटलीच्या नक्षीतून काहीतरी पांढुरकं सुटून वर येत होतं. मारोतराव काउंटरवर वाकले. मळ होता तो, सोनार म्हणत होता तसा मळच. पण मळामळातही फरक असतो की नाही! हे पीठ होतं. ज्वारीचं. आठ महिने झाले बेबीला जाऊन, तेव्हापासून पाटल्या पेटीत कापडाच्या घडीत पडून होत्या, आणि तिनं थापलेल्या शेवटच्या भाकरीचं पीठ वेलबुट्टीच्या खोबणीत वाळून बसलेलं होतं, हे नवऱ्याला आता कळत होतं, यवतमाळच्या सराफ्यात, एका परक्या माणसाच्या ब्रशाखाली... शामभाऊंनी, म्हणजे दुकानाच्या मालकानं, वाटीतलं गढूळ पाणी पायाशी ठेवलेल्या बादलीत ओतलं. मारोतरावांच्या तोंडून "अरे" एवढंच निघालं.

"मळ निघाल्याबिगर खरं वजन येत नाई, काका," शामभाऊ म्हणाले. "मळाले कोन सोन्याचा भाव देते?"

मारोतरावांनी मान हलवली. वजनाचं त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. तीस वर्षं जिनिंगमध्ये कापूस पारखण्यात गेली होती त्यांची. गाडीत कोपरापर्यंत हात खुपसायचा, मुठीत आलेला कापूस दाबायचा, आणि कोणी पाणी शिंपडून वजन वाढवून आणलं असेल तर ते बोटांनाच कळायचं. मग त्या गाडीवाल्याला चारचौघांत असं सोलून काढायचं की पुन्हा त्यानं ती हिंमत करू नये. "मारोतरावाच्या बोटाले डोये हायेत," म्हणायचे लोक, आणि मारोतराव मिशीत हसायचे. कोणत्या तोंडानं हसायचे ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

शेजारच्या स्टुलावर साधना बसली होती, त्यांची मुलगी, पर्स मांडीवर घट्ट धरून. ती आज इथं असायलाच नको होती. बोरी अरबहून सकाळच्या एसटीनं एकट्यानं यायचं, पाटल्या मोडायच्या, फंडातले थोडे पैसे वर घालायचे आणि चोख तीन तोळ्यांचे जेवढे व्हायला हवेत तेवढे साधना आणि रवी, दोघा लेकरांच्या हातात सारखे ठेवायचे — हा बेत किती वेळा मनात घोळवला होता त्यांनी! रवी दर रविवारी पुण्याहून फोनवर सांगायचा, बाबा, भाव वर आहे, काढून टाका. मोडल्या असत्या, कोणाला कानोकान कळलं नसतं. पण बसमधून उतरतात तो फलाटावर साधना उभी, कुठून कळलं होतं देव जाणे. इथल्याच दवाखान्यात नर्स आहे ती, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेली. "एकटे कायले जाता, बाबा? मी येतो ना संगं." 

काचेच्या पेटीतल्या काट्यावर शामभाऊंनी दोन्ही पाटल्या ठेवल्या. आकडा थरथरला, थांबला. तीस ग्रॅम आणि वर थोडं. वजन भरलं होतं. वजन भरणारच होतं, त्याची व्यवस्था तर मारोतरावांनी स्वतः केली होती.

"पाहा ताई," शामभाऊ साधनेला समजावू लागले, "मोडीत तीनच गोष्टी पाहा लागते. वजन किती, त्यात चोख सोनं किती, आन् आजचा भाव काय. तिन्हीचा गुणाकार केला का झालं. घडनावळ गेली ते गेली, नक्षीचे पैसे कोनी वापस देत नाई. वजन तं झालं. आता मशीनवर पाहू, शंभरात किती निंघते ते. जुना दागिना म्हटलं का जोडाले झाळ असते, नव्वदीच्या आतबाहेर येते."

"मशीन कायले?" साधना म्हणाली. फार पटकन म्हणाली. "जुनंच तं हाय. तुमी अंदाजानं काय लावता ते लावा."

आपल्या मनातलं वाक्य तिच्या तोंडून कसं आलं याचं मारोतरावांना क्षणभर नवल वाटलं, पण नवल करत बसायची ती वेळ नव्हती. शामभाऊ हसले. अंदाजानं धंदा होत नाही ताई, म्हणाले, आणि पाटल्या घेऊन मागच्या काचेच्या खोलीत गेले.

आता दोन मिनिटं. फार तर तीन.

...मुकुटबनकडे हंगामाला गेलो होतो मी, तीन महिन्यांसाठी. त्याच्या आधी एक पाटली तडकली होती, तर बेबीनं दोन्ही काढून रुमालात बांधून दिल्या. "तिकडे चांगला सोनार असन तं झाळून आना. जोडीनंच न्या, पालिश एकसारखी झाली पायजे." आणि स्वतः तीन महिने हिरव्या काचेच्या बांगड्यांवर राहिली. तिकडे जिनिंगच्या फाटकाशी ती राजदूत उभी असायची, कोणाची तरी, विकायची होती. काळी, टाकीवर लाल पट्टा. केवढीशी गोष्ट! पस्तिशीचा बाप्या, दोन लेकरांचा बाप, आणि लहान पोरासारखा त्या फटफटीभोवती घिरट्या घालत होता — जवळ निम्मेच पैसे होते. सोनाराला मीच सांगितलं. तोळाभर सोनं काढून घ्या, तेवढं तांबं घाला, वरून चांगला मुलामा द्या, पण वजन हललं नाही पाहिजे. त्यानं एकदाच विचारलं, सोनं घरचं आहे ना? माझंच आहे, मी म्हणालो. माझंच! तिच्या बापानं लग्नात तिच्या हातात घातलेलं.

मालकानं बक्षीस दिलं असं घरी सांगितलं होतं मारोतरावांनी. बेबीनं गाडीला हळदीकुंकू लावलं. मागे बसली, एक हात त्यांच्या खांद्यावर, आणि त्या हातात पाटली, नव्यासारखी चमकणारी. अख्ख्या बोरी अरबातून "हळू चालवा, हळू चालवा" म्हणत होती आणि हसत होती. मारोतरावांना तेव्हा वाईट वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या दिवशी ते फार खुश होते.

शामभाऊ परत आले ते आवाज उतरवूनच. हातात छापलेली चिठ्ठी.

"काका... अठ्ठावन्न येऊन राह्यलं. दोनी पाटल्या. दोन-दोनदा लावल्या." मग साधनेकडे न पाहता म्हणाले, "म्हंजे शंभरात अठ्ठावन्न सोनं. बाकी तांबंच म्हना."

मारोतरावांनी मान खाली घातली आणि वाट पाहिली. अठ्ठावीस वर्षं या क्षणाला ते भीत आले होते, आणि भीत होते म्हणूनच त्याची तयारीही करून ठेवली होती: साधना म्हणेल, असं कसं? मग आपण कपाळावर हात मारायचा. मुकुटबनच्या त्या सोनारानं दगा दिला म्हणायचं. तो कधीच मेला असेल, मेलेल्याच्या माथी काय, काहीही मारता येतं. "तो मुकुटबनचा..." त्यांनी सुरुवातही केली.

"पन हे आजचं नाई, काका," शामभाऊ मध्येच म्हणाले. त्यांनी पाटली उलटी करून भिंगाखाली धरली होती. "हे पाहा, आतल्या बाजूले. कानस मारेल हाय. मशीन नोयती तवा असंच पाहत होते. वरचा मुलामा कानशीनं खरडाचा, आतून, घालनारीले दिसू नये असा, मंग दगडावर घासून कस पाहाचा. कोन्या सोनारानं हे आधीच पाह्यलं हाय."

मारोतरावांनी पाटली हातात घेतली. भिंग नको होतं त्यांना. अंगठा आतून फिरवला आणि एका जागी तो अडला, अगदी किंचित, तांदळाच्या दाण्याएवढी खाच. मुकुटबनहून आणताना एसटीत बसून त्यांनी हाच अंगठा दहा वेळा तरी आतून फिरवला होता, कुठं काही लागतं का, कुठं काही कळतं का म्हणून. गुळगुळीत होती पाटली. डोळ्यांवर एक वेळ विश्वास ठेवला नसता, पण बोटावर होता. म्हणजे खाच नंतरची. आणि आजकालचीही नाही. कडा झिजून गोल झालेल्या, मनगटावर वर्षानुवर्षं घासून. पाटल्या बेबीच्या हातातून कधी निघाल्याच नव्हत्या... शेवटी दवाखान्यात काढल्या तेवढ्याच... नाही. एकदा तिनं स्वतःहून यवतमाळला नेल्या होत्या.

साधनेचं नर्सिंगचं ॲडमिशन होतं त्या वर्षी. पैसे कमी पडत होते, बेबी आपणहून म्हणाली, पाटल्या मोडून टाकू. नको म्हणायला कारण काय देणार! मारोतराव त्या दिवशी कामावर गेले नाहीत. ओसरीतून फाटकापर्यंत आणि फाटकातून ओसरीपर्यंत नुसत्या येरझारा. येईल आणि पदर खोचून विचारेल, काय केलं माझ्या सोन्याचं? दिवेलागणीला ती आली. पायांवर पाणी घेतलं आणि म्हणाली, "दुकान बंद होतं. सोनाराच्या घरी मयत झाली म्हने." हातात पाटल्या होत्या. आणि मारोतरावांना, मला, देवा, मला इतका आनंद झाला की कोणाच्या तरी घरी मयत झाली म्हणून मी तीन भाकरी खाल्ल्या. ती वाढत होती. आणखी घ्या म्हणत होती. "जाऊ द्या, मोडाच्या नाई आता पाटल्या," ती म्हणाली, "मी पाहतो काई तरी." शाळा उघडली तशी ती शाळेत पोरांची खिचडी शिजवायला जाऊ लागली. घरी बसून करमत नाही, म्हणायची. पंधरा-सोळा वर्षं गेली चुलीच्या धुरात डोळे लाल करून, आणि मारोतराव पारावर बसून सांगायचे, आमच्या बेबीला कामाची भारी हौस.

दुकान बंद नव्हतं. कोणी मेलं नव्हतं.

आणि त्यानंतरही ती राजदूतवर मागे बसत होती! गाडी भंगारात जाईपर्यंत बसत होती, तोच हात खांद्यावर ठेवून. सणावाराला त्याच पाटल्या चिंचेनं घासून उजळायची. घासताना बोट त्या खाचेवरून जात असेल... रोज आंघोळीला जात असेल. तिनं माफ केलं होतं का? की नुसतं गिळलं होतं, या माणसाला विचारून काय उपयोग, हा खोटंच बोलेल म्हणून? बोललोच असतो. सोनारानं फसवलं म्हणालो असतो, आत्ता म्हणायला निघालो होतो तसंच. ते तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं विचारलं नाही. मला खोटं बोलायला लागू नये म्हणून? की तिला ते ऐकायला लागू नये म्हणून? यातलं कोणतं? एकदा भांडायचं तरी होतं, भांडी फेकायची होती, माहेरी निघून जायचं होतं. मी पाय धरले असते. धरले असते का? आता काहीही म्हणायला काय जातं, ती कुठं ऐकायला आहे! मारोतरावांचा अंगठा पुन्हा त्या खाचेवर गेला.

पाटल्या परत आल्या त्या संध्याकाळी साधना जेवली नव्हती. डोकं दुखते म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपली होती. आईबरोबर यवतमाळला तीच तर गेली होती.

मारोतरावांनी हळूहळू मान वर केली. कोपऱ्यावरच्या हॉटेलातून चहा आला होता, तीन कप. साधना कपाकडे पाहत होती. चिठ्ठीवरचा आकडा तिनं अजून मागितलासुद्धा नव्हता.

"रवीले काई सांगू नका, बाबा," ती हलक्या आवाजात म्हणाली. "त्याच्यासंगं मी बोलतो."

शामभाऊंनी घसा खाकरला. "मंग काय करू, काका? गाळाले टाकू का वापस नेता?"

गाळल्यावर सोनं निराळं होईल आणि तांबं निराळं. पण ती खाच... पाटलीच राहणार नाही तर खाच कुठून राहील. त्यांनी पाटली मुठीत धरून ठेवली.

"साधना माय," ते म्हणाले, "त्या दिवशी दुकान उघडंच होतं ना वं?"

 एक कप उचलून साधनेनं त्यांच्या रिकाम्या हातात दिला आणि आपला हात खालून तसाच धरून ठेवला. "चहा थंडा होऊन राह्यला, बाबा," ती म्हणाली.

अठ्ठावीस वर्षं एकच भीती होती, कोणाला कळू नये. ती आता कुठंच नव्हती. आत हात घालून पाहिलं तरी सापडत नव्हती. आता मारोतरावांना वाटत होतं की हिनं तरी बोलावं, आत्ता, या माणसासमोर, मोठ्यानं, आईला जे बोलायचं राहिलं ते सगळं. त्यांनी तिच्या चेहऱ्यावर राग शोधला, बारकाईनं शोधला, आयुष्यभर ज्या नजरेनं दुसऱ्यांचा माल पाहिला त्या नजरेनं. राग नव्हता. चहा सांडेल आणि बाबांच्या हाताला चटका बसेल, एवढीच काळजी होती तिथं, आणि ती सोसवेना म्हणून त्यांनी मान खाली घातली आणि चहाचा घोट घेतला.